माश्यांची आगोट

लग्न होऊन मी जयगडहून सावर्ड्याजवळच्या आमच्या वाडीत आले, तेव्हा मध म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर चाटायची वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं. माझे वडील बोटीवर खलाशी. माहेरी मासळीतलं सगळ्यांना सगळं कळायचं, झाडाझुडपांतलं कुणाला काही नाही. सासर डोंगराच्या पायथ्याशी. घरात सासूबाई आणि मी. सासरे आधीच गेलेले. नवरा मुंबईला एका कंपनीत, धाकटा दीरही तिथेच, पण तो बदलीवर. काम असेल तेव्हा बोलावायचे. दोघं गणपतीत यायचे आणि मे महिन्यात. बाकीचं वर्ष भात, नाचणी, गुरं आणि आम्ही दोघी.

लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नव्हतं. विहिरीवर बायका मलाच विचारायच्या. वर्षातून महिनाभर घरी असणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नव्हतं. हे सांगायचं कारण, मी मधमाश्यांकडे वळले ते त्यामुळेच. सरकारी खात्याचे एक मास्तर पेट्या घेऊन गावात आले होते. त्यांना लिहितावाचता येणारी, रोज घरी असणारी माणसं हवी होती. पुरुष सगळे मुंबईला. बायकांत मॅट्रिक झालेली मी एकटी. सरपंचांनी घरी येऊन सासूबाईंना विचारलं, सूनबाईला शिकायला पाठवता का. त्या सुपानं तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न्या. नायतरी तिच्या मांडीवर कोण हाय?"

अशी मी शिकायला गेले.

मास्तर निवृत्तीला आलेले, दम्याचे. थोडं बोलले की थांबायचे. पहिलं मोहोळ त्यांनी आम्हाला गावदेवीच्या मागच्या वारुळातून काढून दाखवलं. सातेरी जातीची माशी अशीच अंधाऱ्या पोकळीत राहते, वारुळात नाहीतर झाडाच्या ढोलीत. त्यांनी हळूहळू माती उकरली, धूर दिला, एकेक पोळं कापून लाकडी चौकटीत बसवलं आणि केळीच्या सोपाच्या दोरीनं बांधून टाकलं. मग राणीमाशी हुडकली. ती सापडून पेटीत गेली आणि बाकीच्या माश्या ओळीनं, कुणी हाकल्यासारख्या, तिच्यामागे आत गेल्या. मी तोंडाला पदर लावून उभी होते. मला हातावर तीन ठिकाणी चावल्या होत्या आणि तरी मी मागे सरकले नव्हते, हे मास्तरांनी बघितलं असावं. ती पेटी त्यांनी मला दिली.

आमच्या घराच्या मागे फणसाखाली ती चौरंगावर ठेवली. मुंग्या चढू नयेत म्हणून चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. सुरुवातीला सासूबाई त्या बाजूला फिरकत नसत. मी मात्र दुपारची कामं उरकली की तिथे जाऊन बसायची. त्या वेळी मला घरात बसण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

माशी मध फुलातून तयार आणत नाही, हे मला मास्तरांकडून कळलं आणि नंतर डोळ्यांनी दिसलं. ती आणते तो नुसता फुलातला गोड रस, पाण्यासारखा पातळ. पोटात त्यासाठी तिची वेगळी पिशवी असते. पेटीत आली की तो रस ती दुसऱ्या माशीच्या तोंडात देते, ती तिसरीच्या. अशा तोंडातोंडी फिरवत तो पोळ्यातल्या घरांमध्ये थेंब थेंब पसरून ठेवतात. मग पंखांनी वारा घालत बसतात. संध्याकाळी पेटीला कान लावला तर आत दूरवर पाऊस पडत असावा तसा आवाज यायचा. त्या वाऱ्यानं रसातलं पाणी उडून जातं, रस दाटतो, आणि पुरेसा दाटला की वरून मेणाचं झाकण घालतात. चौकट आडवी धरून झटकली आणि थेंब उडाले, तर तो अजून मध नाही. झाकण घातलं तो मध. कच्चा राहिला तर आंबतो, झाकलेला वर्षानुवर्षं टिकतो. एवढी मेहनत करून एका माशीच्या जन्माला चमचाभरसुद्धा मध होत नाही.

"आणि हे सगळं कशासाठी?" मी एकदा मास्तरांना विचारलं.

ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही आगोट कशासाठी भरता?"

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला घरात जे भरून ठेवतात ती आगोट. लाकडं, शेणी, तांदूळ, सुकी मासळी, आमसुलं, मीठ, मिरच्या. एकदा पाऊस लागला की चार महिने काही मिळत नाही. माशीलाही मिळत नाही. फुलं झडून जातात, असतील त्यांतला रस धुऊन जातो, आणि उडायचं म्हटलं तर पावसाची धार तिला खाली पाडते. ते चार महिने सगळी वस्ती आत बसून साठवलेल्यावर जगते. मास्तरांनी नियम घालून दिला होता. पेटीला दोन मजले. खालच्या मजल्यावर राणी, अंडी, पिलं आणि त्यांचं खाणं. तिथल्या मधाला हात लावायचा नाही. वरचा मजला जास्तीचा. तिथला घ्यायचा, तोही सगळा नाही, आणि चौकटी यंत्रात फिरवून, म्हणजे पोळं मोडत नाही.

आणखी एक गोष्ट मला त्यांनी सांगितली ती मी विसरू शकले नाही. चैत्रात जी माशी राबते तिला हा साठा खायला मिळत नाही. दीड-दोन महिन्यांत पंख झिजून ती मरते. श्रावणात तो खातात त्या वेगळ्याच, नंतर जन्मलेल्या. हे ऐकून त्या दिवशी मला उगीच रडू आलं होतं.

पहिल्या वर्षी मी मध घेतलाच नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या चार पेट्या झाल्या होत्या. शिमग्यानंतर डोंगरात अंजनी फुलली, झाडं निळी दिसत होती, मागोमाग जांभूळ. वरचे मजले भरले. मास्तरांनी यंत्र आणून दिलं आणि मी माझ्या हातानं मध काढला. तपकिरी, किंचित तुरट. सासूबाईंनी बोट लावून चाखला आणि दुसऱ्या दिवशी वाडीतल्या दोघीतिघींना बोलावून वाटीत दिला. मला कुणी सुनेऐवजी नावानं हाक मारायला लागलं ते त्या वर्षी. कुणाचं मूल खोकलं की बायका वाटी घेऊन यायच्या. विहिरीवरचे प्रश्नसुद्धा थोडे कमी झाले.

नवरा मे महिन्यात आला आणि जाताना दोन बाटल्या घेऊन गेला. एक त्यांच्या साहेबांना दिली. साहेबांना मध फार आवडला म्हणे. गणपतीत आला तेव्हा तेच सांगत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसरं वर्ष वाईट गेलं. माघात आभाळ येऊन राहिलं, अंजनीच्या कळ्या काळ्या पडून गळल्या. खालच्या अंगाला कलमांच्या बागा होत्या, तिथे तुडतुड्यांसाठी मोहरावर औषध मारलं. दोनतीन सकाळी माझ्या पेट्यांपुढे माश्यांचा सडा पडलेला होता. काही अजून गोल गोल फिरत होत्या. मी बागवाल्याकडे गेले. तो सौम्यपणे म्हणाला की आंबा गेला तर त्याचं वर्ष गेलं, माझ्या माश्यांसाठी तो थांबू शकत नाही. त्याच्याशी काय भांडणार? पेट्या कशाबशा सावरल्या. जांभळावर खालच्या मजल्यात त्यांनी पावसापुरतं भरलं. वर जवळजवळ काही नाही.

मे महिन्यात नवरा आणि दीर आले. येताना बरोबर पत्र्याचा एक रिकामा डबा होता, तेलाचा असतो तसा, स्वच्छ धुतलेला. मी विचारलं, हा कशाला. नवरा म्हणाला साहेबांसाठी मध न्यायचा आहे. दिराला कायम करायचं त्यांच्या हातात आहे, आणि त्यानं साहेबांना सांगून ठेवलंय की यंदा डबाभर आणतो.

मी त्याला पेट्यांपाशी नेलं. वरचा मजला उघडून दाखवला. खालच्यातलं पोळंही दाखवलं, ते झाकण घातलेलं, आणि सांगितलं की हा त्यांचा पावसाळ्याचा आहे, हा काढता येत नाही. बाटलीभर हवा तर वरून मिळेल.

तो म्हणाला, "मी शब्द दिलाय."

मी म्हटलं, "मला विचारून द्यायचा होतात."

तो नुसता हसला. त्याचा राग कधी चढत नसे. लोक आजही त्याला शांत माणूस म्हणतात. पुढे दोन दिवस त्यानं तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना स्वतःहून म्हणाला की तुझ्या आईला बरं नाही म्हणत होतीस ना, जाऊन ये चार दिवस, पाऊस लागला की जाणं व्हायचं नाही, मी आहे इथे. लग्नानंतर तो मला असं पहिल्यांदा म्हणाला होता. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्या भात वाढत होत्या. मी इतकी खूश झाले की रात्रीच पिशवी भरली.

जयगडला आईचं दुखणं तसं फार नव्हतं. मी तिला माश्यांबद्दल सांगत बसले. ती म्हणाली, तू आता तिथली झालीस. निघताना तिनं सुके बांगडे आणि सोडे बांधून दिले, जावयांना मुंबईला न्यायला. ते बोचकं मांडीवर घेऊन मी आधी रत्नागिरीला आले आणि तिथून चिपळूणची गाडी धरली.

बांधावरून घराकडे वळले तेव्हाच मला माश्या भलतीकडे दिसल्या. गोठ्याच्या भिंतीवर, पायरीवर, अंगणातल्या टोपावर. टोप चिकट होता आणि त्याच्या कडेला बसून त्या तो चाटत होत्या. फणसाखाली पेट्यांची झाकणं उलटी पडलेली. खालच्या मजल्यातल्या चौकटी रिकाम्या, काहींना पोळ्याचा कापलेला कोर तेवढा राहिलेला. जमिनीवर पिळून टाकलेल्या पोळ्यांचे गोळे होते, पुरणाच्या गोळ्याएवढे, आणि कोंबड्या त्यांतून पांढऱ्या अळ्या टिपून खात होत्या. त्या माश्यांची पिलं. मध, पिलं, अंडी, सगळं एकत्र फडक्यात घालून पिळलं होतं.

सासूबाई आल्या आणि कोंबड्या हाकलायला लागल्या. म्हणाल्या, "मी म्हटलं त्याला, ती येऊ दे. तो ऐकतोय?"

दोघं भाऊ आदल्या दिवशी डबा घेऊन मुंबईला गेले होते.

त्या मला पाणी द्यायला लागल्या ते मी घेतलं नाही. पेट्या तपासल्या. दोन पेट्यांत राणी नव्हती, बहुधा चिरडली गेली होती. उरलेल्या दोनमध्ये ती होती आणि भोवती मूठ-दोन मूठ माश्या. मी सगळ्या चौकटी परत लावल्या, फटी शेणामातीनं बुजवल्या. साखरेचं पाणी द्यायचं मास्तरांनी शिकवलं होतं. घरात रेशनची साखर होती तेवढी मी विरघळवली. सासूबाई म्हणाल्या माणसांना चहाला नाही आणि माश्यांना साखर, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत. आम्ही त्या पावसात गुळाचा चहा प्यायलो. त्यावर त्यांनी पुढे काही म्हटलं नाही, एवढं मात्र मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

पण चार दिवसांत पाऊस लागला तो उघडला नाही. बिनराणीच्या पेट्या आधी गेल्या, त्यांत मेणकिडा पडला आणि जाळी झाली. एका पेटीतल्या माश्या आषाढात जरा ऊन पडल्याबरोबर उठल्या आणि सगळ्या मिळून निघून गेल्या. खायला नसलं की त्या घर सोडतात. त्या काळात बाहेर तरी कुठे काय होतं? मी छत्री घेऊन त्यांच्यामागे ओढ्यापर्यंत गेले. तिथून त्या दिसेनाशा झाल्या.

शेवटची पेटी तग धरून होती. नंतर वाण्याकडेच साखर आली नाही. मी गूळ घालून पाहिला, गूळ त्यांना सोसत नाही हे माहीत असून. एक दिवस पेटीला कान लावला तर आवाज नव्हता. उघडली. माश्या पोळ्याच्या घरांत डोकं खुपसून मेल्या होत्या. बाहेर नुसती शेपटांकडची टोकं दिसत होती, ओळीनं, सारखी. तळाशी काही राहिलं असेल म्हणून त्या शेवटपर्यंत आत शिरत होत्या. एकीला मी काडीनं बाहेर ओढलं. तिचं वजनच लागत नव्हतं.

हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. मेलेली माणसं मी नंतर पाहिली, स्वतःची आईसुद्धा. तरी ती ओळ माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही.

गणपतीत दोघं भाऊ आले. दीर माझ्याकडे बघेना. मूर्ती बसली, आरती झाली, जेवणं झाली, आणि मग नवऱ्यानं मला पडवीत बोलावलं. मला वाटलं हा पेट्यांबद्दल काही बोलेल. तो म्हणाला की त्या मधानं दोघा भावांचा घात केला. साहेबांच्या घरी डबा आठ दिवसांत फुगला, झाकण उडालं, फेस स्वयंपाकघरभर. आंबूस वास. साहेबांच्या बायकोनं सगळा गटारात ओतला. साहेब चारचौघांत म्हणाले, गुळाचं पाणी देऊन फसवतोस का मला. दिराचं काम तर झालंच नाही, बदलीवर बोलावणंही कमी झालं.

"असला नासका मध तू ठेवलास कसा?" तो म्हणाला. आवाज अगदी शांत.

मी म्हटलं, "तो मध नव्हता. झाकलेला, न झाकलेला, सगळा एकत्र पिळलात. निम्मं पाणी होतं आणि पिलांचा रस. ते आंबणारच."

"मग आधी सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. पेटी उघडून दाखवलं होतं."

"हे आंबतं म्हणून नाही सांगितलंस. काढता येत नाही एवढंच म्हणालीस."

हे खरं होतं. मी तेवढंच म्हणाले होते. काढता येत नाही हे पुरेसं आहे असं मला वाटलं होतं.

मी त्याला सांगितलं की सगळ्या माश्या मेल्या. तो म्हणाला, "मास्तरांकडून दुसऱ्या आण. वारुळं काय कमी हायत डोंगरात?" आणि तंबाखू मळायला लागला. आत दिरानं पत्ते मांडले होते, त्याला हाक आली, तो उठून गेला. मी तिथेच बसून राहिले. मला हे कळत होतं की ह्या माणसाला खरंच काही समजलेलं नाही. दुष्टपणानं केलं असतं तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

दसऱ्यानंतर मास्तर आले. रिकाम्या पेट्या बघून त्यांनी मला काही विचारलं नाही. असं घडलेलं त्यांनी आणखी पाहिलेलं असावं. नव्यानं मोहोळ काढून देतो म्हणाले, वर्षभरात पुन्हा उभं राहील. मी नको म्हटलं. ते समजावत राहिले, दम लागला, थांबले, पुन्हा समजावलं. मी म्हटलं, "मास्तर, मी पेट्यांची राखण करू शकेन. माझ्या घरातल्यांपासून राखण मला जमायची नाही." त्यावर ते उठले. यंत्र आणि दोन धड पेट्या दुसऱ्या गावाला द्यायच्या म्हणून घेऊन गेले. दोन पेट्या मोडक्या म्हणून तिथेच राहिल्या, त्यांत सासूबाईंनी अंड्यांवर खुडूक कोंबड्या बसवल्या.

त्या वर्षीच मी सावर्ड्याला बालवाडीत काम धरलं. नवऱ्याला विचारलं नाही, नुसतं कळवलं. दोन वर्षांनी मुलगी झाली. विहिरीवरचे प्रश्न संपले. बाहेरून पाहणाऱ्याला आमचा संसार चांगलाच दिसला असणार, भांडणाचा आवाज कधी अंगणात आला नाही. पण त्या मे महिन्यानंतर त्यानं मला काही चांगलं म्हटलं, माहेरी जाऊन ये म्हटलं, विश्रांती घे म्हटलं, की मी आधी घरातल्या वस्तू मनात मोजून घ्यायची. दीर पुढे मुंबईतच दुसरीकडे लागला. त्यानं एकदा, फक्त एकदा, "वहिनी, ते चुकलंच" असं म्हटलं. तो तेव्हा प्यायलेला होता.

नवरा निवृत्त होऊन गावी आला. सासूबाई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच. मध्यंतरी बचत गटाच्या दोन बायका आल्या होत्या. मधाच्या पेट्यांची योजना पुन्हा आली आहे, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ह्या घरात पूर्वी पेट्या होत्या. मी बोलायच्या आधी नवरा बाहेर आला. खुर्ची ओढून बसला. मोठ्या कौतुकानं सांगायला लागला की आमच्या हिच्या हाताला काय यश होतं, एका वर्षी तर डबाभर मध निघाला, तेलाच्या डब्याएवढा, मी स्वतः मुंबईला नेला. तो दोन्ही हातांनी डब्याचं माप दाखवत होता. त्याच्या तोंडावर खरा आनंद होता.

त्यांतली एक बाई मला म्हणाली, मग बंद का केलंत?

उत्तर त्यानंच दिलं. "गेल्या उडून. माशीचं काय सांगता येतं?"

त्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, पेट्या ठेवायच्या असतील तर मागे येऊन जागा बघा. तिथे त्याच्यामाघारी खरं सांगता आलं असतं. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती, त्या उठल्या.